चुकलेल्या क्लिकची मुरवत

आमच्या बीडच्या गल्लीत मी काय काम करते हे नीट ठाऊक असलेलं एकही माणूस नाही. आईला विचारलं तर ती "कॉम्प्युटरवर असते" एवढं सांगून विषय मिटवते, जसं काही मी त्याच्यावर चढून बसते. शेजारच्या काकूंची समजूत अशी की मी वीजबिलं काढते. एका भाच्यानं तर लग्नात ओळख करून देताना मला प्रिंटर दुरुस्त करणारी करून टाकलं होतं. मी कुणाची समजूत घालत बसत नाही, कारण खरं सांगितलं की लोक जास्तच गोंधळतात. खरं असं की इतकी वर्षं मी एकच प्रश्न सोडवत आले आहे: माणसानं माऊसचं बटण दाबलं, तेव्हा त्याला नेमकं काय धरायचं होतं?

एवढ्याशा प्रश्नावर पोट भरतं का, असं तुम्ही विचाराल. भरतं. झोपही उडते.

बीडमध्ये एका कापड दुकानाच्या वर आमची कंपनी आहे. साखर कारखाने, जिनिंग, वीज उपकेंद्रं यांचे जुने, घडीवर फाटलेले नकाशे आमच्याकडे येतात. तार कुठून येते, कुठल्या ट्रान्सफॉर्मरला जाते, मध्ये खटका कुठं आहे, असे नकाशे. आमची मुलं-माणसं ते बघून कॉम्प्युटरवर नव्यानं काढतात. ज्या प्रोग्राममध्ये ते काढले जातात तो मी लिहिलेला आहे आणि तो आम्ही गिऱ्हाइकांना विकतोही. चौकोन काढा, रेघ ओढा, चौकोन सरकवला की त्याला जोडलेली रेघ त्याच्यामागे जाते. बघणाऱ्याला वाटतं, यात काय विशेष.

विशेष असं की पडद्यावर रेघ आहे हे कॉम्प्युटरला माहीतच नसतं. त्याला माऊसकडून एवढंच कळतं की बाण डावीकडून इतका आत आहे आणि वरून इतका खाली. मग माझा प्रोग्राम कागदावरच्या प्रत्येक आकाराला विचारत सुटतो, हा तुझ्या अंगावर उभा आहे का? रेघ केसाएवढी बारीक. माणसाचा हात तिच्या बरोबर डोक्यावर थांबेल ही आशा धरण्यात अर्थ नाही. प्रोग्राम काटेकोर ठेवला तर तो म्हणणार, इथं कुणी नाही. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडावी लागते, की बाबा, इथवर आलास तरी तुला रेघ लागली असं धरू. पुस्तकात त्याला इंग्रजी नाव आहे. मी पहिल्यापासून त्याला मुरवत म्हणते. मुरवत कमी पडली की माणूस दहादा टिचक्या मारून वैतागतो. जास्त झाली की शेजारची रेघ हातात येते आणि भलतीच तार कापली जाते. माझी सगळी नोकरी ही मुरवत किती ठेवायची, यातच गेली.

एकदा एका जिनिंगवाल्या शेठजींचा फोन आला, तुमचा प्रोग्राम मेला, काहीच धरता येईना. मी गेले. नकाशा दिसत होता, बाण फिरत होता, पण कुठंही क्लिक केलं तरी एक गोष्ट हलेल तर शपथ. बराच वेळ मी माझीच अक्कल तपासत बसले. मग लक्षात आलं, शेठजींच्या माणसानं मुहूर्ताला नकाशावर वैजनाथाच्या पिंडीचं चित्र टाकलं होतं, अख्ख्या कागदाएवढं. इतकं पुसट की डोळ्यांना जाणवू नये, पण होतं सगळ्यांच्या वर. प्रोग्राम वरून खाली बघत येतो आणि बाणाखाली जे सगळ्यात वर असेल ते धरतो. त्यामुळे मोटार धरा की खटका धरा, प्रत्येक क्लिक देवाला जाऊन पोचत होता. मी म्हटलं, चित्र सगळ्यांच्या खाली सरकवू, काम होऊन जाईल. शेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले आहे. देवाला मोटारीखाली टाकायचं? शेवटी मीच माघार घेतली. देव वरच राहिला, आणि आलेला क्लिक त्यानं खाली जाऊ द्यावा अशी सोय मी प्रोग्राममध्ये केली. ती अजून आहे आणि भरपूर वापरली जाते, कारण देवाच्या जागी पुढे पुढाऱ्यांचे फोटो यायला लागले.

दुसरे होते एका साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातले जाधव. त्यांना बारीक दिसायचं नाही, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवरचं सगळंच मोठं करून घेतलं होतं. माझ्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नव्हता. तो जुन्याच मापानं मोजत राहिला आणि जाधवांचा क्लिक बाणापासून दोन बोटं उजवीकडे पडायला लागला. दुसऱ्या कुणी कंपनीला शिव्या घातल्या असत्या. जाधवांनी प्रत्येक गोष्टीच्या दोन बोटं डावीकडे क्लिक करायची सवय लावून घेतली आणि वर्षभर बिनबोभाट काम केलं. मला हे योगायोगानं कळलं. मी मोठ्या दिमाखात चूक दुरुस्त करून दिली, तर दुसऱ्याच दिवशी यांचा फोन. "तुमी माझा अंदाज कावून मोडला? समदं बरोबर चाललं होतं." चूक परत द्या म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. मी ती परत दिली, एकट्या त्यांच्यापुरती. प्रोग्राम सगळ्यांचा असला तरी हात ज्याचा त्याचा असतो, एवढं मला त्या दिवशी समजलं.

या दोन गोष्टी मी कुठंही हसत सांगते. तिसरी हसत सांगता येत नाही, म्हणून ती लिहायची ठरवली.

किसनराव घोलप नेकनूरचे. ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणायचे. आई-बाप जन्मभर ऊसतोडीला गेलेले. मामा शाळेत टिकले, ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि एका कारखान्याच्या ड्रॉइंग खात्यात शाईच्या पेननं नकाशे काढायला लागले. घरात कोयता न धरलेला पहिला माणूस. पुढं तो कारखाना बंद पडला. मामा घरी बसले आणि त्यांचा मुलगा बायकोला घेऊन ऊसतोडीच्या टोळीत जायला लागला. त्यांची नात लहान असताना अर्धं वर्ष फडावर आणि अर्धं वर्ष शाळेत. मग मामांना आमच्याकडे नोकरी मिळाली आणि ते थांबलं. मामांनी हे मला पहिल्याच वर्षी चहा पिताना सांगितलं, मी न विचारता. "दसरा झाला की टोळी न्यायला मुकादमाची गाडी गल्लीत येती बाई. माझी नोकरी हाय तवर ती माझ्या दारापुढून सरळ जाती."

म्हणजे मामांची नोकरी ही एकट्या मामांची नव्हती. हे ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, मालकांनाही.

मामा गोड माणूस होते असं मात्र समजू नका. शिष्टपणा भयंकर. शाईच्या जमान्यात मी अशी रेघ मारायचो, तशी रेघ मारायचो, हे ऐकून कान किटायचे. पोरांनी काढलेला नकाशा बघून तोंड वाकडं करायचे. चहावाल्याशी रोजचं भांडण. माझ्या प्रोग्रामलाही नावं ठेवायचे, की ह्यात रेघ मारावी लागत न्हाई, नुसतं इथून तिथं सांगावं लागतं. नेकनूरच्या बसला जागा मिळाली नाही तर त्याचा राग आमच्यावर निघायचा. आणि त्यांच्या टेबलावरची काच बदलायची म्हटलं की अंगावर यायचे.

त्या काचेचं सांगायला हवं. आपल्याकडे ऑफिसचं टेबल म्हणजे वर जाड काच आणि काचेखाली देवाचा फोटो, बसचं वेळापत्रक, दोन-चार व्हिजिटिंग कार्डं. माऊसच्या पोटात दिवा असतो आणि तो खालचा पृष्ठभाग बघून आपण किती सरकलो हे ओळखतो. काचेवर त्याला काही दिसत नाही. मग बाण मध्येच उडी मारतो, मध्येच थिजतो. आमच्या सगळ्यांनी माऊसखाली जुन्या कॅलेंडरचं पान घेतलं होतं. मामांनी घेतलं नाही. त्यांचा बाण पडद्यावर सारखा थरथरायचा आणि कुणी विचारलं तर ते म्हणायचे, काच खराब हाय. आम्ही म्हणायचो, मग पान घ्या. ते म्हणायचे, मला काचेवरच सवय हाय. हट्टी माणूस म्हणून आम्ही नाद सोडला होता.

बाण कुठून कुठं गेला याचा माग पडद्यावर फिकट निळ्या रेघेनं दाखवणारी एक सोय मी स्वतःपुरती केलेली आहे. प्रोग्राम दिवसभराचा माग साठवत असतो, आणि गिऱ्हाइकाचा क्लिक का चुकतो हे शोधायला ही सोय लागते. एक दिवस मामा चहाला गेले असताना मी त्यांच्या जागेवर बसून ती चालू केली. त्यांचा सकाळचा माग आणि त्याच काचेवरचा माझा माग शेजारी शेजारी दिसायला लागले. माझ्या मागात उड्या होत्या, काचेनं मारलेल्या. मामांच्या मागात उड्या होत्याच, पण उड्यांच्या मधली रेघसुद्धा सरळ नव्हती. ती बारीक बारीक लाटांची होती, गोधडीला टाके घालावेत इतक्या सारख्या. काच असं करत नाही. काचेला ताल नसतो.

मी वळले तर मामा मागं उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला. दोन वर्षं मी त्यांना हात खिशात घालून उभं राहताना बघत होते आणि ती त्यांची ऐट समजत होते.

"काच खराब हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो मामा, काच खराब आहे.

मग ते शेजारच्या खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अंबाजोगाईला दाखवलंय. गोळी घेतली की हात राहतो, पर डोकं राहत न्हाई. कुणाला बोलू नका बाई. बाकी मी बघून घेतो."

मी कुणाला बोलले नाही. बाकीचं मात्र त्यांना एकट्यानं बघू दिलं नाही.

थरथरत्या हाताचं दुखणं प्रोग्रामच्या भाषेत सांगते. असा हात क्लिक करतो तेव्हा बटण खाली गेल्यापासून वर येईपर्यंत माऊस जरासा हलतोच. प्रोग्रामला वाटतं, माणूस ओढतोय. म्हणजे मामा ट्रान्सफॉर्मर निवडायला जायचे आणि तो जागेवरून सरकायचा, त्याच्या तारा मागोमाग ताणल्या जायच्या. मग ते सरकवलेलं परत आणायचं, त्यात दुसरं काही सरकायचं. लोक जे काम एका टिचकीत करायचे त्याला मामांचा घाम निघायचा. संध्याकाळी त्यांचे नकाशे बरोबर असायचे, पण ते कशाच्या जिवावर बरोबर असायचे हे आता मला दिसलं होतं.

जाधवांना त्यांची चूक दिली होती तशी मामांना त्यांची मुरवत द्यायची असं मी ठरवलं. त्यांच्या नावानं प्रोग्राम उघडला की बटण दाबल्यावरची थोडी हालचाल ओढणं म्हणून धरायची नाही. रेघेच्या आजूबाजूची जागा मोठी. दोन रेघा जवळ असल्या तर वरची न धरता जवळची धरायची, आणि दोन्ही सारख्याच जवळ असल्या तर काहीच न धरता थांबायचं, दोन्ही उजळून दाखवायच्या. शिवाय बाण हाताच्या प्रत्येक कंपाबरोबर हलू नये म्हणून मागच्या काही जागांची सरासरी काढून तिथं तो ठेवायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. सरासरी जास्त घेतली की बाण शांत होतो, पण हाताच्या मागं मागं राहतो. मामांनी पहिल्याच दिवशी सुनावलं, की हे लई मागं पडायलंय, म्हाताऱ्याला म्हातारा बाण दिलाय तुमी. मी कमी केलं तर पुन्हा थरथर. असं आमचं कित्येक आठवडे चाललं. ते शिव्या द्यायचे, मी आकडा बदलायचे. त्यांनी एकदाही बरं झालं म्हटलं नाही. पण एके दिवशी त्यांनी माऊसखाली कॅलेंडरचं पान घेतलं. काचेची गरज संपली होती. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पगारवाढीनं कधी झाला नाही.

आता मालक. त्यांना भैय्यासाहेब म्हणतात. घरची भरपूर जमीन, वडील राजकारणात. वागायला अतिशय गोड. कुणावर आवाज चढवणार नाहीत, कुणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जातील. ऑफिस म्हणजे आपलं घर, असं उठता बसता म्हणणारे. मी त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द ऐकलेला नाही, आणि तरी त्यांचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं.

माझ्या प्रोग्राममध्ये चुकलेल्या क्लिकची मोजदाद असते. माणसानं क्लिक केलं आणि बाणाखाली काहीच सापडलं नाही, की ती एक चूक. ही मोजदाद मी माझ्या कानउघाडणीसाठी ठेवली होती, की मुरवत कुठं कमी पडते आहे. एकदा भैय्यासाहेब माझ्या मागं उभे असताना ती पडद्यावर होती. त्यांनी हे काय म्हणून विचारलं आणि मी भाबडेपणानं समजावून सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. प्रत्येकाची वेगळी काढता येईल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल, पण त्याचा उपयोग नाही, या माणसांच्या चुका नाहीत, प्रोग्रामच्या आहेत.

"मॅडम, क्लिक कोण करतंय?" ते हसून म्हणाले. "माणूसच ना?"

मी नाना परीनं सांगितलं. ज्याचा नकाशा गिऱ्हाइकाकडून दुरुस्तीला परत येतो तो चुकतो असं धरा, म्हटलं. ते ऐकायला त्यांना वेळ नव्हता. शहाण्या माणसाला एकदा मोजायला काही मिळालं की काय मोजतोय हे तो विचारत नाही. त्यांनी प्रोग्रामिंग येणाऱ्या दुसऱ्या एका पोराकडून प्रत्येकाची मोजदाद काढून घेतली, आणि ते करताना त्या पोराला मामांच्या नावापुढचे वेगळे आकडे दिसले.

भैय्यासाहेबांनी मला बोलावलं. चिडले नाहीत. म्हणाले, एकाला वेगळा नियम लावला तर बाकीच्यांनी काय समजायचं, आपल्याकडे सगळे सारखे. मामांची ती सोय काढा आणि आठवडाभर सगळ्यांना एकाच मापानं चालू द्या, मग बघू. मी म्हटलं, मामांच्या हाताला त्रास आहे. म्हणायला नको होतं, पण दुसरं काय म्हणणार होते? ते एकदम हळवे झाले. अरेरे म्हणाले. आधी का नाही सांगितलं म्हणाले. आणि सोय तरीही काढा म्हणाले. मी नाही म्हटलं, तर त्यांनी ती त्या पोराला काढायला लावली.

आठवडा जाऊ देण्याचीही गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी भैय्यासाहेबांनी मामांना केबिनमध्ये बोलावून आपल्या कॉम्प्युटरपुढं बसवलं, मलाही बोलावलं. म्हणाले, मामा, सहज, ही डावीकडची तार धरून दाखवा. मामांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं. बाण तारेपर्यंत गेला, तिच्यावरून पलीकडे गेला, परत आला. क्लिक केलं, तार लागली नाही, शेजारचा ट्रान्सफॉर्मर उचलला गेला आणि सगळ्या तारा घेऊन कागदाच्या कोपऱ्यात जाऊन पडला. मामांनी पुन्हा प्रयत्न केला. भैय्यासाहेबांनी पुढं होऊन त्यांच्या हातावर हात ठेवला, अगदी मायेनं, आणि म्हणाले, "राहू द्या मामा. लई केलं तुम्ही. आता आराम करा."

मी तिथंच भांडले. मामांचा एक नकाशा दाखवा जो परत आलाय, म्हटलं. सोय परत टाका, उद्यापासून यांचं काम बाकीच्यांइतकंच होईल, म्हटलं. दसऱ्यानंतर यांच्या दारात गाडी येईल हे तुम्हाला ठाऊक आहे, हेही म्हटलं. भैय्यासाहेब मान हलवत राहिले. मामाच म्हणाले, बस झालं बाई.

आमच्याकडे माणसाला काढायची पद्धत सत्काराची आहे. शनिवारी सगळ्यांना गोळा करून मामांना शाल, श्रीफळ दिलं. भैय्यासाहेबांनी भाषण केलं, मामा म्हणजे आपल्या संस्थेचा आधारवड वगैरे. फोटो काढायचा होता, म्हणून मामांना नारळ पुढं धरायला सांगितला. नारळ हातात थरथरत होता. फोटो हलतो म्हणून फोटो काढणाऱ्यानं तो त्यांच्याकडून घेऊन टेबलावर ठेवला आणि नुसत्या शालीवर फोटो काढला. मामा सगळ्यांना नमस्कार करून नेकनूरच्या बसला गेले. राजीनामा देईन असं मी घरी म्हणाले होते. दिला नाही. घरी आजारी आई, बीडमध्ये याच कामाची दुसरी जागा नाही, अशी कारणं माझ्याकडे होती आणि ती खोटीही नव्हती.

दसऱ्यानंतर मामांचा मुलगा आणि सून टोळीत गेले हे मला ऑफिसातल्याच नेकनूरच्या एका मुलीकडून कळलं.

पुढच्या वर्षी पुण्याची एक मोठी कंपनी आमचा प्रोग्राम घ्यायचा विचार करत होती. त्यांच्याकडे वयस्कर इंजिनिअर बरेच. त्यांची एक अट होती की हात, डोळे अधू असलेल्या माणसालाही प्रोग्राम वापरता आला पाहिजे. भैय्यासाहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, ते मामांचं तुम्ही काय केलं होतं मागं, ते आहे का अजून? आहे म्हटलं. माझ्याकडची प्रत मी पुसली नव्हती. त्यांनी त्याला नाव दिलं, स्टेडी हँड.

पुण्याची मंडळी आली. भैय्यासाहेबांनी स्वतःच दाखवायला घेतलं. समजा एखाद्याचा हात असा असला, असं म्हणून त्यांनी हात जोरजोरात हलवला, दारू प्यालेल्याचा हलवावा तसा. क्लिक लागला नाही. पुन्हा हलवला, पुन्हा नाही. तो प्रोग्राम तसल्या हातासाठी केलेलाच नव्हता. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा ते म्हणाले, मॅडम, तुम्ही दाखवा. मी बसले. मामांचा हात मला पाठ होता. महिनोन् महिने मी त्याच्या लाटा पाहिल्या होत्या. मी माझा हात तसा केला आणि तार धरली. पहिल्या क्लिकला लागली. दुसरी धरली, लागली. टाळ्या झाल्या. माझ्या कामाला मिळालेली तेवढी एकच टाळी, आणि ती आठवली की मला माझी शिसारी येते.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, हे इतकं बारकाईनं कुणासाठी केलंत? भैय्यासाहेब काही बोलायच्या आत मी म्हटलं, घोलप नावाचे आमचे ड्राफ्ट्समन होते, त्यांच्यासाठी. त्यांना भेटता येईल का, बाईंनी विचारलं. "ते निवृत्त झाले," भैय्यासाहेब म्हणाले, "मोठा सत्कार केला आम्ही त्यांचा." आणि त्यांनी मोबाइलवर तो फोटो काढून दाखवला.

काम मिळालं. पाहुणे गेल्यावर मी भैय्यासाहेबांना म्हटलं, आता मामांना परत बोलवा. आता तर तुमच्या प्रोग्रामची ती जाहिरात आहे. ते म्हणाले, बघू. भैय्यासाहेबांच्या "बघू"चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना कळतो. त्या रविवारी मी बस धरून नेकनूरला गेले. का गेले म्हणाल तर मलाही नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणाकडून त्यांना हे कळू नये, एवढंच होतं.

मामा ओट्यावर बसले होते. मुलगा आणि सून फडावर होते. धाकटं बाळ सांभाळायला मामांची बायकोही यंदा त्यांच्याबरोबर गेली होती. त्यामुळे आजोबांचा सगळा स्वयंपाक नातीवर आला होता. ती आत भाकरी थापत होती. शाळेचं विचारलं तर मामा म्हणाले, जाती अधूनमधून. त्यांनी हात लपवला नाही. तो मांडीवर उघडा थरथरत होता आणि ते त्याच्याकडे बघतही नव्हते.

मी सगळं सांगितलं. पुण्याची मंडळी, टाळ्या, नाव, फोटो. मी हात कसा हलवून दाखवला तेही सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की मग तार लागली का नेमकी? मी म्हटलं, पहिल्याच क्लिकला लागली.

त्यांनी मान हलवली.

"म्हंजे मला काढलं," ते म्हणाले, "अन् हात तेवढा ठिवून घेतला."